शंभर टक्क्यांचा मुहूर्त

आदिलाबाद,
मार्गशीर्ष अमावास्येनंतरचा गुरुवार

वांकिडीनिवासी, मध्यस्थशिरोमणी पंढरीनाथ यांस बालमित्र लक्ष्मणाचा नमस्कार, विनंती विशेष.

तुझी दाढ आता ठणकायची थांबली असावी (नसल्यास ती उपटून घे, मौनाने तुझे भलेच होईल). वहिनींच्या गुडघ्याला एरंडाचे पान शेकून बांधावे. आमच्याकडे सर्व कुशल आहे. माझे डोके तेवढे तापले आहे, आणि त्याचे साद्यंत कारण ऐकण्याची शिक्षा तुला भोगावीच लागेल.

माझी भाची प्रगती हिला तुमच्या वांकिडीच्या सुधाकररावांच्या अनुपसाठी तू सुचवलेस, आणि मुलीनेही घर पाहावे हा आधुनिक आग्रहही तुझाच. ठरल्या दिवशी दुपारी बारानंतर अमावास्या लागत होती, पुढे पौष. म्हणून बोलणी बाराच्या आत व्हावीत हे सुधाकररावांचे म्हणणे शास्त्रशुद्धच होते. त्याप्रमाणे मी, माझी थोरली बहीण भागीरथाबाई आणि तिची ही लेक असे तिघे पहाटे सहाला माझ्या विजेच्या मोटारीतून निघालो. आदल्या रात्री घरची लाइन गेलेली, मोटार अंगणात कुडकुडत उभी, पारा सात अंशांवर, आणि बॅटरीत जेमतेम तीस टक्के. म्हणून गुडीहत्नूरच्या फाट्यावर एका खांबाशी थांबलो. खांबावर लिहिले होते ‘फास्ट चार्जिंग’. पंढरी, निरुक्त शिकलेल्या माणसाला शब्दाचा असा अपमान सहन होत नाही. तिथे जे चालले होते त्याला शीघ्र म्हणणे म्हणजे कासवाला मारुती म्हणणे!

आकडा हलेचना. खांबाची राखण करणारे चंपतराव (कानाला मफलर, हातात चहा, चेहऱ्यावर वेदान्त) म्हणाले, बॅटरी थंड हाय गुरुजी, थंडीत ते वीज घेत नाई. पंधरावीस कोस पळवून गरम करून आनाची. म्हणजे जेवायला येण्याआधी जेवून यावे! इतक्यात निजामाबादची एक मोटार आली आणि त्याच खांबाच्या दुसऱ्या नळीला लागली. झाले! वीज दोघांत अर्धी अर्धी. एका ताटात दोन जावई बसवले की दोघेही उपाशी, हे त्या खांबाच्या निर्मात्याला कुणी सांगायला हवे होते. वर मोटारीतला हीटर चालू, तोही त्याच विजेवर पोसलेला. मी त्या खांबाला अमरकोशातले सर्व योग्य शब्द ऐकवले. चंपतरावांनी ते स्तोत्र समजून हात जोडले.

आठ वाजता ऐंशी टक्के झाले. चंपतराव म्हणाले, काढा अन् निंगा, वांकिडीले लय झालं एवढं; वरचे वीस म्हंजे ठासून भरल्या बोऱ्यात आनखी कापूस कोंबनं हाय, बॅटरी आपली आपनच दम खाते. आता मला सांग, मी इंटरच्या पोरांना संस्कृत शिकवतो. आमच्याकडे ज्याला संस्कृतात ऐंशीच पडतात त्याचा बाप दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलच्या दारात उभा असतो! त्यात गाडीत अशी शंका निघाली की, शुभकार्याला अपुरे भरलेले भांडे घेऊन जावे काय? प्रश्न शास्त्राचा होता. मी पूर्णकुंभापासून आरंभ केला, आपल्या पायलीच्या शिगेपर्यंत आलो, आणि निर्णय दिला की जाऊ नये. त्या उरलेल्या वीस टक्क्यांनी सव्वादहा वाजवले. उटनूरचे वळणावळणाचे रस्ते उरकून पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते, अमावास्या आमच्या आधी येऊन बसली होती, आणि सुधाकररावांनी चहा दिला तो उभ्यानेच. त्यांचा राग रास्त आहे. मी त्यांची मनापासून क्षमा मागतो. अपराध सर्वस्वी त्या खांबाचा.

तुझा,
लक्ष्मण

ता. क. – इथवरचे पत्र सुधाकररावांना मोठ्याने वाचून दाखव (तुझी दाढ वगळून). पुढचे एकट्याने वाच.

दुसरा ता. क. – काल प्रगतीने कबूल केले. हीटर तिनेच चालू ठेवला होता, आईला थंडी वाजते म्हणून. भांड्याची शंकाही तिचीच. शास्त्रार्थ विचारला की मामा जागचा हलत नाही, हे तिला पाचव्या वर्षापासून ठाऊक आहे. अनुपशी ती आधी फोनवर बोलली होती. लग्नानंतर शाळेतली नोकरी सोडावी असे त्याच्या घरचे म्हणतात, आणि चिरंजीवांचे स्वतःचे म्हणणे अजून ठरायचे आहे. आईसमोर हे बोलायची तिची छाती झाली नाही. मी चिडून म्हणालो, अगं, मला तरी सरळ सांगायचंस! तर म्हणते, “मामा, तुमी पयले पंचांग उघडलं असतं.” मी उघडलेच असते. तेव्हा कृपा कर, आणि सुधाकररावांकडे पौषानंतरचा दिवस मागू नकोस. योग नव्हता म्हण.

तिसरा ता. क. – भागीरथाबाई अजून त्या खांबावर संतापलेली आहे. कंपनीकडे तक्रार कर, चौकशी लाव, म्हणून तिने माझ्यामागे धोशा लावला. काल तिच्यासमोर बसून सविस्तर तक्रार लिहिली आणि पोस्टात टाकली. संस्कृतात लिहिली आहे.