फ्रीजरमधला बर्फ आणि सुरी

मंगळवार

उद्यापासून पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजवर पुन्हा कामाला जायचंय. आणि बाळासाठी काढून ठेवलेल्या माझ्या दुधाच्या पिशव्या फ्रीजरमधल्या बर्फात घट्ट चिकटलेल्या. सासूबाईंनी फ्रीज बंद केला नि सुरीने बर्फ खरवडायला लागल्या.

"आई, सुरी नको! पिशवी फुटेल, फ्रीजची नळी फुटून गॅस सुटेल!"

इतक्या जोरात का ओरडले मी? त्यांनी सुरी ओट्यावर ठेवली आणि बाहेर गेल्या. मी गरम पाण्याचं पातेलं आत ठेवलं. हळूहळू बर्फ सुटला. पिशव्या अजून कडक होत्या, तशाच शेजारच्या काकूंच्या फ्रीजरमध्ये ठेवून आले. पण सुरीचं टोक लागलं असतं तर...

रात्री ताटं वाढताना सासूबाई म्हणाल्या, "ते दूध कोमट कसं करायचं, दाखव गं मला. उद्या तू नसशील."