डावीकडे जाणारी मोटार

समुद्रपूर,
१२ जानेवारी १९५५

तीर्थस्वरूप अण्णाजी भाऊजींना वासुदेवचा दंडवत. तुमचा गुडघा आणि ताईची दाढ, दोन्ही थंडीत कुरकुरत असतील. शेकत जावे. इकडे आईसह सगळी धडधाकट आहेत. मोटारही आता बरी आहे. पत्राला उशीर तिच्यामुळेच झाला.

सरकारने गावांची मालगुजारी काढून घेतली तेव्हा इथल्या मालगुजारांनी गोठ्यातली जुनी विलायती मोटार मला देऊन टाकली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (त्यांच्या तीन मुलांना मी गणितात पास केले होते. सूड म्हणून दिली असे आमची सौ. आनंदा म्हणते.) आईला गिरडच्या बाबांच्या टेकडीवर नवस फेडायचा होता आणि मी या मोटारीतून नेण्याचा शब्द देऊन बसलो. पण पंचवीस मैलांचा वेग धरला की पुढची चाके अशी थरथरत की हिवताप भरलेला माणूस बरा. एकदा आनंदा शेजारी बसली होती. उतरल्यावर आईविषयी म्हणाली, "आत्याबाईले याच्यात बसवान तर पहिले मले हिरीत ढकला."

मला मात्र भीतीपेक्षा कुतूहल जास्त. निर्जीव वस्तूला थंडी वाजते कशी? मोटारीचे तोंड जॅकवर उचलले, चाक वर-खाली धरून हलवले, तर आतून टकटक असा आवाज. चाक ज्या खुंटीभोवती वळते (मिस्त्री लोक तिला किंगपिन म्हणतात) ती झिजून उसाच्या चिपाडासारखी झाली होती. मग राहवेना. पुढचा सगळा डोलारा उतरवून अंगणात मांडला. चाकांवरचा भार झेलणाऱ्या कमानींचे पोलादी पाटे एकावर एक रचलेले, त्यातला एक तुटलेला. वीस वर्षे तो तुटका पाटा मुकाट्याने मालगुजारांना वाहत होता की काय, या विचाराने मला भरून आले. आनंदाला आले नाही. तिला तुळशीपर्यंत जायला वाट उरली नव्हती.

खुंट्या हिंगणघाटच्या खराद्याकडून नव्या कातून आणल्या. पाटा तानबा लोहाराने घडवला, म्हणजे तानबाने सांडशी धरली आणि घण मारला त्याच्या बायकोने, धुरपताने. सगळे पुन्हा जोडले, ग्रीस भरले आणि निघालो. थरथर साफ गेली! मी मोठ्याने हसलो आणि हसता हसता रूपराव पाटलाच्या तुरीत शिरलो. मोटार डावीकडे जात होती. सरळ धरली तरी डावीकडे. चार दिवस हवा तपासली, रस्त्याचा उतार मोजला. आपण स्वतःच डावे कलतो की काय म्हणून उजव्या खिशात दगडही ठेवून पाहिला. रूपरावांनी तेवढ्यात डावीकडच्या शेताच्या धुऱ्यावर काटे लावले.

पाचव्या दिवशी धुरपता आपला पाटा कसा बसला ते पाहायला आली. तिने सुतळी घेतली, मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यापासून पुढच्या चाकापर्यंत एका बाजूने ताणली, गाठ मारली, मग दुसऱ्या बाजूने. गाठ जुळेना.

"गुरुजी, थे डावं चाक दोन बोटं मांगं हाये. आस तिरपा बसला. बंडीचा असा बसला का बैल बिचारे नालीतच जातेत, आन् लोक बैलालेच मारतेत."

पुन्हा उतरवले. पाट्यांच्या मधले भोक, ज्यातून ते आसाला जखडतात, ते मधोमध नसतेच! बोटभर एका अंगाला असते, आणि मी डावी कमान उलटी बसवली होती. भाऊजी, तेहतीस वर्षे मी पोरांना मध्यबिंदू काढायला शिकवला. एकदाही मोजून पाहिले नाही. कमान फिरवताच मोटार नाकासमोर चालू लागली. मला लाज वाटली आणि लाजेहून जास्त आनंद झाला.

मागच्या शुक्रवारी आई गिरडला जाऊन आली. डोळे मिटून बसली होती, परत आल्यावर म्हणाली, "मोटार बरी हाये, पण बंडीत गोष्टी होतात." आनंदाही सोबत होती. तिने फक्त दोनदा दार धरले.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
वासुदेव

ता. क. : तुझ्यासाठी काय करू, असे मी धुरपताला विचारले. ती म्हणाली, "मले चालवाले शिकवा." तानबा हसला, मग ती हसत नाही हे पाहून थांबला. आठ दिवसांत ती मळणीच्या खळ्यावर माझ्याहून सरळ चालवू लागली आहे. तुमच्या कचेरीत परवान्याचा फॉर्म मिळतो. तो पाठवावा. बाईमाणसाचा वेगळा असतो का तेही विचारावे. सही तिला येते, कालच शिकली.

दुसरा ता. क. : फॉर्म दोन पाठवावेत. असा काही कागद लागतो, हे मालगुजार बोलले नव्हते. दुसरा कोणासाठी, ते ताईला सांगू नये.