तालमीच्या मातीतलं ताक

कोल्हापूर

प्रिय आक्का,

तुला तालीम आतून कधी बघावीशी वाटली होती का?

गेल्या महिन्यात वस्तादांनी मला हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. घरातली पहिली बी.ए., बायकांपुढे तासभर बोलणारी, आणि तालमीच्या उंबऱ्याबाहेर मुकी उभी राहिले. उत्तर अजूनही सापडलेलं नाही. तव्यावरची भाकरी करपते, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं. म्हणून हे पत्र. तू होतीस तेव्हा तुला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुला वाचता येत नव्हतं. आता ती अडचण उरली नाही.

मी वस्तादांकडे गेले होते ते गल्लीतल्या मुलींसाठी. सकाळी पैलवान घरी गेले की तालमीचं अंगण रिकामंच असतं. तेवढा एक तास आम्हाला द्या, म्हटलं. लेझीम, कवायत, थोडं पळणं. कुस्तीच्या हौद्यातल्या मातीला हातही लावणार नाही.

वस्ताद कट्ट्यावर बसले होते. म्हणाले, "आज अंगण मागतीस. उद्या हौद्यात उतरायचं म्हणशील."

"उद्याचं उद्या बघू, वस्ताद."

"उंबरा काय मी घातला न्हाय, पोरी. माझ्या आज्याच्या आदीपासनं हाय."

मग माझा तोल गेला. म्हटलं, "मातीला आमच्या आक्काचं ताक चालतं, तिनं कुटलेली हळद चालते. मग आक्का का चालत नव्हती?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "वीस वरसं आक्का ताकाची घागर घिऊन आली. एकदा तरी म्हणाली का, आत बघू द्या म्हणून? तिला बघायचं हुतं का? तू लेक हाईस की. सांग."

काय सांगणार होते मी?

पाऊस उघडला की तालमीतली माती नवी व्हायची. चाळलेल्या तांबड्या मातीत तेल, हळद, लिंबू आणि ताक. त्याआधी चार दिवस आपल्या घरात कुणाला ताक मिळायचं नाही. तू डोक्यावर पदर घेऊन घागर उंबऱ्याशी ठेवायचीस आणि दादा ती रिकामी करून आणेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहायचीस. मी तुझ्या निऱ्या धरून. मग तो घरी आला की तू विचारायचीस, "माती कशी झाली रं?" तो म्हणायचा, "लोण्यागत." तू पदरानं त्याच्या कानातली माती काढायचीस आणि ती बोटांत चोळून बघायचीस. हे उत्तर धरायचं का? की आई लेकाचे कान पुसत होती, एवढंच?

तू बोलली का नाहीस, आक्का? कशाबद्दलच का बोलली नाहीस?

स्वातंत्र्य आलं तेव्हा मी मॅट्रिकला होते. कॉलेजात गेल्यावर तर वाटायचं, देश आता आपणच उभा करायचा आहे. दर मंगळवारी विठ्ठलाच्या देवळात आपल्या महिला मंडळाच्या बायकांना मी आरोग्यावर सांगायची. नाचणी खा, पालेभाजी खा, सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं जेवू नका. तू मागे खांबाला टेकून बसायचीस आणि तुझा डोळा लागायचा. एकदा घरी आल्यावर मी म्हटलं, "निदान माझ्या भाषणात तरी झोपू नकोस. लाज वाटते मला." तू म्हणालीस, "बरं बाई." पुढच्या मंगळवारी तू ताठ बसलीस, डोळे ताणून.

पुढे डॉक्टरांनी तुझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, अंगात रक्तच नाही. तुला झोप नव्हती येत, आक्का. तुला बसवत नव्हतं. सगळ्या गल्लीला आरोग्य शिकवताना मी तुझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

वस्तादांकडून आले तेव्हा शेजारच्या गोदाकाकू सगळं ऐकून घरामागच्या परड्याच्या भिंतीवरून म्हणाल्या, "मग तुमचं परडं काय वाईट हाय?"

"तिथं आक्काची शेवंती आहे, काकू."

"शेवंती कुंडीत जाती. पोरी जातील का कुंडीत?"

अण्णांना मी हे सांगितलं. रोज सकाळी चहाची कपबशी घेऊन ते त्या वाफ्यापाशीच बसायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून शेवंती मुळासकट काढली आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावली. मग वस्ताद म्हणाले होते तसंच झालं, आम्ही आमचा हौदाच खणायला लागलो. नऊ मुली आणि तीन बायका.

तालमीची माती करायचा दिवस आला तसा दादा घागर न्यायला आला. मी म्हटलं, "यंदा नाही. यंदा ताक परड्यात जाणार."

"आक्का असती तर दिली असती."

"असेल. मला माहीत नाही, दादा."

तो तसाच रिकाम्या हातानं तालमीत परत गेला. गोदाकाकूंनी मात्र अर्धी घागर तालमीला दिली आणि अर्धी आम्हाला. म्हणाल्या, "पुण्य दोन्हीकडनं येऊ दे."

पण आमची माती बिघडली. वर्षानुवर्षं गल्लीतल्या बायकांनी तालमीला ताक दिलं आणि किती लागतं हे एकीलाही ठाऊक नव्हतं! पिठल्यासारखा चिखल झाला आणि आंबट वास सुटला. आम्ही घोट्याएवढ्या त्या लगद्यात उभ्या होतो तेव्हा दादा परड्याच्या दारात आला. आत पाय ठेवला नाही. तिथूनच म्हणाला, "ताक लै झालंय. कोरडी माती घाला अजून. चार दिस वाळू द्या, मग तेल." आणि निघून गेला.

परवापासून मुली मातीत उतरतात.

मंडळातल्या बायकांनी मला न विचारता एक पाटी रंगवून आणली, 'आक्का महिला व्यायाम मंदिर'. अण्णांनी ती बघितली आणि उपरण्यानं डोळे पुसले. सगळ्या खूश होत्या. मला मात्र तिच्याकडे बघवेना. तुला हे हवं होतं असं मी कुठल्या तोंडानं लिहू? कदाचित तू म्हणाली असतीस, पोरी, रीत मोडू नकोस. कदाचित माझ्याआधी चिखलात उतरली असतीस. मला जे हवं होतं ते मी तुझं नाव पुढे करून मागितलं, आणि वस्तादांनी ते बरोबर ओळखलं.

यापुढे तुझ्या तोंडी माझे शब्द घालणार नाही, हे वचन. आणि समोर बसलेल्या बाईचा डोळा लागला, तर भाषण तिथंच थांबवून आधी तिच्याजवळ जाईन.

पाटी मी काल पेंटरकडे परत घेऊन गेले आणि तुझं नाव पुसून घेतलं. त्यानं विचारलं, "मग काय लिवू?" म्हटलं, नुसतं 'बायकांची तालीम' लिहा. रंग वाळेपर्यंत तिथंच थांबले, आणि आज सकाळी माझ्या हातानं ती परड्याच्या दारावर ठोकली.

तुझी,
सुमन