नकाशात खिडकी नाही

आई,

तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी असायची की बंद, हे मला तुला विचारायचं आहे. बाबा म्हणतात उघडी. मला आठवते ती बंद, समोर डब्यांची रांग. आम्ही दोघं त्याच घरात राहिलो, आणि दोघांनाही खात्री आहे. माझ्या कामात असं झालं की तिसऱ्याला विचारतात. म्हणून लिहायला बसले.

तू गेलीस तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. पुढे काय करणार हे मलाही माहीत नव्हतं, तुला कुठून असणार. आता अंधेरीला माझी प्रयोगशाळा आहे. तिथे मी रोबो बनवते. हा शब्द ऐकून तुझ्या डोळ्यांसमोर पत्र्याचा माणूस उभा राहील. तसं काही नाही. बुटांच्या खोक्याएवढी, चाकांवर चालणारी यंत्रं आहेत. एकट्याला फारसं काही कळत नाही. चार-पाच मिळून अनोळखी जागेत सोडली की ती एकमेकांशी बोलत फिरतात आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेचा नकाशा करतो. मग ते नकाशे एकमेकांवर बसवायचे. दोघांनी एकच कोपरा पाहिला असेल तर ते बसतात. एकाला तो कोपरा इथे दिसला आणि दुसऱ्याला वीतभर पलीकडे, तर तिसरा काय म्हणतो ते बघायचं. शेवटी जो नकाशा होतो त्यात माणसाला शिरता येतं. डोळ्यांवर एक जाड चष्मा चढवला की ती जागा भोवती उभी राहते. मान वळवली की भिंतही सरकते. पडक्या इमारतीत किंवा धुराने भरलेल्या गोदामात माणसाला बाहेर राहून आत बघता यावं, यासाठी हे सगळं.

यातला अवघड भाग तुला लगेच समजला असता. तो म्हणजे दार. आपल्या स्वयंपाकघरात दोन माणसं मावायची, त्यातलं एक तू. ओट्यावर गॅस आणि पाण्याचा हंडा, त्यामुळे चिरणं, निवडणं, मासे साफ करणं सगळं खाली, पाटावर बसून. तुझ्यामागून कोणी कळशी घेऊन वळलं तर तुझ्या डोक्याला लागायची. म्हणून तुझा नियम होता: आत यायच्या आधी उंबऱ्यावरून काम सांगायचं. 'पाणी.' 'डबा.' 'मीठ.' पाहुण्यांनासुद्धा सूट नव्हती. 'काय व्हया ता भायरसून सांग, मगे आत ये.' माझ्या वर्गातली मैत्रीण एकदा घाबरून उंबऱ्यावरच म्हणाली, 'काही नाही, काकी, नुसतीच आलेय.' तू म्हणालीस, 'मग नुसतीच भायर बस.' आणि तिला बाहेर खोबऱ्याची वडी पाठवलीस.

आणि तो दिवस. मी उष्टी ताटं घेऊन आत येतेय, बाबा भाताचं पातेलं घेऊन बाहेर पडतायत, आणि उंबऱ्यावर आम्ही दोघं एकमेकांसाठी मागे सरतोय. मी सरले की तेही सरतात. मी पुढे झाले की तेही पुढे. तू विळीवरून मान वर न करता म्हणतेस, 'दोघंय मेले सभ्य. एक कोणतरी हला, भात थंड होताहा.' माझी यंत्रंही हेच करतात. दारात दोघं समोरासमोर आली की दोघंही वाट देतात आणि तशीच थांबून राहतात, बॅटरी संपेपर्यंत. उपाय असा की प्रत्येकाने आपण कुठे आणि कशाला चाललोय ते दारापाशी पोचायच्या आधीच सांगायचं. हे तुझ्याकडून घेतलं असं मला कुठेतरी म्हणायला आवडलं असतं. पण ते खरं नाही. इतरांनी ते आधीच शोधलं होतं, मी वाचून शिकले. तुझी आठवण नंतर आली, दोन यंत्रं एकमेकांसमोर सभ्यपणे उभी असताना.

घाटकोपरची आपली बिल्डिंग आता नाही. पुनर्विकासात गेली. तू गेल्यावर काही वर्षांनी बाबा माझ्याबरोबर मुलुंडला आले, घर भाड्याने दिलं होतं. भाडेकरूने खिडकीला अ‍ॅल्युमिनियमची सरकती काच बसवली होती, ओट्याच्या कडेला निळी टाइल. चाव्या बिल्डरला द्यायची वेळ आली तेव्हा बाबा जेवताना म्हणाले, 'तुझ्या त्या गाड्या ने की एकदा आपल्या घरात.'

'कशाला?'

'बघून ठेवतील.' मग ताटाकडे बघत, 'स्वयंपाकघर नीट घे. खिडकी आली पाहिजे.'

एका रविवारी सकाळी माझी एक विद्यार्थिनी आणि मी चार यंत्रं पिशव्यांत घालून घेऊन गेलो. ही मुलगी बोरिवलीची, माझ्याकडे पीएचडी करते, मला अजिबात घाबरत नाही. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू सामान बांधत बसल्या होत्या. त्यांनी पिशवीत डोकावून विचारलं, 'काय गं, उंदीर पकडायला आणलीस की काय?' वर रिकाम्या घरात आम्ही यंत्रं सोडली. ती भिंतीला धरून फिरली, मोरीच्या कठड्याला अडली, उंबऱ्यावर चढली. मी बाहेरच्या खोलीत उभी राहून स्क्रीनवर स्वयंपाकघराचा वरून दिसणारा आराखडा रेघेरेघेने तयार होताना बघत होते. तेव्हा मला फार आनंद झाला होता, हे सांगायला हरकत नाही.

चूक कळली तेव्हा बिल्डिंगला हिरवी जाळी लागून भिंती पडायला सुरुवात झाली होती. विद्यार्थिनी चष्मा काढून म्हणाली, 'मॅडम, वाट लागली.' मी चष्मा घातला. लादी होती, तिची प्रत्येक भेग होती. तू बसायचीस तिथला खळगा होता, मोरीचा उतार होता. ओट्याच्या वर काही नव्हतं. नुसता राखाडी रंग. आमची यंत्रं गोदामांसाठी बनवलेली, त्यांची नजर खाली. गोदामात वर बघायची वेळ येत नाही. हे मला माहीत होतं, कारण ती नजर खाली ठेवायचं मीच ठरवलं होतं. तरी त्या सकाळी माझ्या मनात आलं नाही. आपलं घर म्हणजे लादी आणि उंबरा एवढंच असल्यासारखी मी ती सोडून दिली. आणि फोटो? फोटो सगळे बाहेरच्या खोलीत, पाहुणे सोफ्यावर. स्वयंपाकघराचा फोटो कोण काढतं?

'भरून काढू ना,' ती म्हणाली. 'प्रोग्रॅम आहे. असली जुनी स्वयंपाकघरं बघून मस्त खिडकी बसवतो. बाबांना कळणार पण नाही.'

'बाबांना कळेल.'

'मग तुम्ही सांगा कशी होती, मी तशी बनवते. उघडी की बंद, इथून सुरू करा.'

'बंद,' मी म्हणाले. विचार करावा लागला नाही. लाकडी, दोन झडपांची. कठड्यावर पितळी आणि स्टीलचे डबे, पोह्यांचा सगळ्यात उंच. त्यांच्या फटींतून दुपारी उन्हाच्या पट्ट्या तुझ्या पाठीवर पडायच्या. ती लिहून घेत गेली. तिने बनवलेली खिडकी फार चांगली होती. इतकी, की ती बघताना मला कुळथाच्या पिठाचा वास आला. एक बटण दाबलं की ती खिडकी यायची, पुन्हा दाबलं की राखाडी. बाबा प्रयोगशाळेत येणार त्या सकाळपर्यंत मी ठरवलेलं नव्हतं. त्यांनी एवढी एकच गोष्ट मागितली होती. ती माझ्याकडे नव्हती, आणि तिच्यासारखी दिसणारी एक होती.

बाबा आता वाकून चालतात. जन्मभर कारखान्यात वेल्डिंग केलं, त्यामुळे चष्मा हातात घेऊन म्हणाले, 'एवढा जड? याच्यापेक्षा आमची ढाल बरी.' विद्यार्थिनीने पट्टा बांधला. माझं बोट बटणावर होतं. मी ते उचललं. का, ते तेव्हा कळलं नाही. आधी काय दिसतंय ते त्यांनी बघावं, इतकंच वाटलं.

'अरेच्चा,' ते म्हणाले. 'आपलंच.' दोन पावलं टाकली, चौकटीला धरायला हात पुढे केला, हाताला हवा लागली तेव्हा हसले. मग मान वर. 'वरचं कुठं गेलं?'

'यंत्रांना वरचं दिसलं नाही, बाबा. माझं चुकलं.'

'असं.' त्यांनी खाली लादीकडे बघितलं. 'मग खाली बसतो. उभ्याने अर्ध्याच घरात असल्यासारखं वाटतंय.'

आम्ही दोघींनी धरून त्यांना जमिनीवर बसवलं. तू बसायचीस नेमकं तिथे. खाली बसल्यावर घर पूर्ण होतं. त्या उंचीवरून राखाडी जवळजवळ दिसतच नाही. ते दाराकडे वळून बराच वेळ बघत राहिले. दारातून बाहेरची खोली दिसते, त्यांच्या खुर्चीची जागा दिसते. 'हिला इथून माझे पायच दिसत असणार,' ते म्हणाले. 'मी म्हणायचो, हिला न बघता कसं कळतं मी तापून आलोय ते.'

मग त्यांनी मागे हात वर केला, राखाडीत. 'इथं होती.'

'बंद असायची ना?' मी विचारलं.

'बंद? छे. सताड उघडी. मी पहिल्या पाळीवरून यायचो तर गल्लीच्या तोंडापासून दिसायची. अंबाडा, खांदा, बास. कधी हात करायची. कधी नुसतीच उभी, गल्लीपलीकडच्या डोंगराकडे बघत. मी खाली पोचलो तरी लक्ष नसायचं. हाक मारली की मग ओरडायची, एवढ्या मोठ्याने काय बोलावता म्हणून.'

'मला डबे आठवतात. कठड्यावर.'

'ते नंतर गं. तुझी पुस्तकं आली ना. डब्यांचं फडताळ तुला दिलं, मग डबे कुठं ठेवणार? खिडकीत गेले.' त्यांनी चष्म्याखालून नाक खाजवलं. 'हे काढा आता, घाम आला. चहा मिळतो का इथं कुठं?'

विद्यार्थिनी चहा आणायला गेली. आल्यावर तिने हळूच विचारलं, 'मग मॅडम, कुठली ठेवू? उघडी पण बनवून देते, काही जड नाही.' मी म्हणाले, राहू दे राखाडी. जे मोजलं नाही ते दाखवायचं नाही, आपला नियम आहे. नियम आहेच. पण त्या दिवशी मी तो नियमासाठी पाळला नाही. उघडी खिडकी केली असती तर तिच्यात कोणीतरी उभं करावं लागलं असतं. मी जन्मायच्या आधी किंवा मी अजून वाचत नव्हते तेव्हा तिथे एक बाई उभी राहायची, नवऱ्याकडेही तिचं लक्ष नसायचं. तिला मी ओळखत नाही. माझी आई खाली बसलेली असते आणि मान वर न करता माझं काम विचारते.

बाबांना त्यानंतर मी पुन्हा विचारलं, ती डोंगराकडे काय बघायची. म्हणाले, मला काय माहीत, मी खाली असायचो. तेव्हापासून मला हेच कुतूहल लागलं आहे. डबे तू स्वतः लावलेस का? पहिल्या दिवशी अंधारून आल्यासारखं वाटलं का? एखाद्या दुपारी पोह्यांचा डबा जरा बाजूला सरकवून बघितलंस का? काही नकाशे एकमेकांवर बसत नाहीत याचा अर्थ कोणीतरी चुकलं असाच नसतो. मधल्या काळात जागा बदललेली असते, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. स्वतःच्या घराला ते लावून बघायचं सुचलं नव्हतं.

हे तुला पाठवता आलं असतं तरी मी पाठवलं नसतं. तू उत्तर दिलं असतंस, 'माका काय करूची ती खिडकी? पोर शिकता ती महत्त्वाची.' आणि मी त्यावर लगेच विश्वास ठेवला असता.