राधेश्यामभाऊंच्या गच्चीवरचा टॉवर

४ फेब्रुवारी, बुधवार

मोबाइलचा टॉवर हटवणारच! समोर राधेश्यामभाऊंच्या गच्चीवर तो, आणि इकडे माझी लेक गंधाली, सातवा महिना लागलेली, बाळंतपणाला आलेली. हे जमायचं नाही. चौतीस वर्षं घनसावंगीत विज्ञान शिकवलंय. मला कोणी बनवू शकत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

गंधालीचा फोन तपासला. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की त्याच्या लहरी शरीरात किती शिरतात तो आकडा येतो. १.१ आला. मर्यादा १.६. पास!

रोज संध्याकाळी सहाला पुण्याहून जावयांचा फोन येतो. ही तो पोटावर ठेवते आणि अपूर्वराव बाळाशी गप्पा मारतात. चांगला अर्धा तास! गुणी माणूस.

१० फेब्रुवारी, मंगळवार

टॉवर कंपनीचा मोजणीवाला मच्छिंद्र लहरी मोजायचं मीटर घेऊन आला. गच्चीत मोजलं, गंधालीच्या पलंगापाशी मोजलं. "बाई, मर्यादेच्या पासंगालाबी पुरत न्हाई. बिलकुल फिकर करू नका." मी म्हटलं, मर्यादा तुमची, मीटरही तुमचंच! जाता जाता म्हणतो, "टॉवर दूर गेला की मंग फोनलाच जोर लावावा लागतो, बाई." मलाच शिकवतोय! चहा मात्र दिला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

टॉवर हटवण्याच्या अर्जावर एकेचाळीस सह्या झाल्या. निम्मे माझेच विद्यार्थी, नाही म्हणतील कसे!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

टॉवर बंद! राधेश्यामभाऊ सांगायला आले, तोंड उतरलेलं. "बाई, तुमच्या शब्दाखातर बंद करायला लावला. मंग मला बोल लावू नका." मी कशाला बोल लावू? शिरा केला, त्यांच्याकडेही वाटीभर दिला. किती दिवसांनी निर्धास्त वाटतंय.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सहाला अपूर्वरावांचा फोन आला. आवाज तुटत होता. बाळाला ऐकू जावं म्हणून गंधालीनं फोन पोटावर आणखी दाबून धरला. म्हणाली, "आई, किती तापलाय बघ ना." हातात घेतला. खरंच तापलेला. रेंजची एकच दांडी.

मच्छिंद्र आठवला. दूरच्या माणसाला हाक मारायची तर घसा ताणावा लागतो, एवढं तर मी सातवीच्या पोरांनाही सांगितलं असतं.

आकडा १.६च्या आतच असेल. असेलच. तरी फोन तिच्याकडून काढून घेतला आणि स्पीकर लावून खिडकीत ठेवला. ती रुसली. मला भीती वाटतेय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळीच राधेश्यामभाऊंचं दार वाजवलं. हातात नवा अर्ज — टॉवर पुन्हा सुरू करण्याचा. पहिली सही माझी.