सील शाबूत असलेल्या खोक्याबाबत

आज मंगळवार, दिनांक ११ फेब्रुवारी २०२५ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी या मृत्युपत्राचे कलम तीन लिहीत होतो. त्यात ग्राफिक्स कार्डाचा क्रमांक घालायचा म्हणून मी कटरने खोक्याचे सील कापले. आत कार्ड नव्हते. फोममध्ये गुंडाळलेला बाथरूमच्या टाइलचा तुकडा होता. म्हणून आता पुन्हा पहिल्यापासून लिहितो.

कलम १. मी, खाली सही करणार, वय वर्षे चोवीस, शिक्षण बारावी नापास, प्रिंटरचे कार्ट्रिज भरून देणाऱ्या दुकानात कामाला, ताई आणि भाऊजींच्या घरी आतल्या खोलीत राहणार, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही. उद्या सकाळी सात वाजता माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. ताई म्हणाली, "हर्नियाला कोण मृत्युपत्र लिहितं रे? उद्या दाढ काढायला गेलास तर शोकसभा घेशील." तिचे म्हणणे बरोबर असू शकते. तरी भूल ही भूलच असते.

कलम २. माझ्या नावावर घर, जमीन, वाहन काहीही नाही. जंगम वस्तूंपैकी खुर्ची भाऊजींना द्यावी, ते मी नसताना तिच्यावरच बसतात. स्क्रू-ड्रायव्हरचा संच ताईला. तिच्या मिक्सरचा तळ मी तीनदा उघडून दिला आहे, चौथ्यांदा तिने स्वतः उघडावा. आधी प्लग काढावा.

कलम ३. हे कलम मी आधी असे लिहिले होते: "सील शाबूत असलेले ग्राफिक्स कार्ड, नग एक." ते रद्द केले आहे. का ते सांगणे भाग आहे.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चित्र उभे करणारा भाग. चार वर्षांपूर्वी ते बाजारातून नाहीसे झाले आणि अजूनही सहज मिळत नाही. दुकानात माणशी एकच मिळे, तेही रांगेत नंबर लागला तर. माझा लागला. एक्केचाळीस हजारांना घेतलेले कार्ड मी न उघडता, संगणकाचे भाग घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपमधल्या सोल्डरकाकांना बावन्न हजारांना विकले. काका जळलेले बोर्ड दुरुस्त करतात आणि ग्रुपमध्ये त्यांचा शब्द शेवटचा असतो. त्या रात्री मला आपण फार हुशार असल्यासारखे वाटले होते.

सील फोडले की किंमत पाव हिश्श्याने उतरते, म्हणून आमच्यात कोणी खोके उघडत नाही. पद्धत अशी की घेणाऱ्याने खोके वजनकाट्यावर ठेवायचे, चिकटपट्टी भिंगातून बघायची आणि तळाशी पेन्सिलीने "सील शाबूत" लिहून सही करायची. काकांकडून ते खोके आणखी दोघांकडे गेले. गेल्या नोव्हेंबरात मी ते शहाण्णव हजारांना परत घेतले. त्यातले साठ हजार ताईने फ्रिजसाठी साठवलेले होते. आपलेच खोके आपल्याकडे आले याचा मला आनंद झाला होता. तळाशी पाच सह्या आहेत. पहिली माझी आणि पाचवीही माझी.

ते पुढे एक लाख आठ हजारांना जाणार होते. गुरुवारी चित्रवाली ते घेऊन जाणार होती. ती कार्टून फिल्म बनवते आणि तिचे कार्ड मागच्या महिन्यात जळले. तिने तीस हजार आगाऊ दिले होते. त्यातले बावीस हजार मी हॉस्पिटलच्या अनामतीला भरले. कोर्टाबाहेर मृत्युपत्रे टाइप करून देणाऱ्या गृहस्थांनी नमुना देताना मला बजावले नसते, की वस्तूचे वर्णन वस्तूवरून करावे, खोक्यावरून नाही, तर मी तिला ती टाइल विकली असती आणि वर वजन करून दाखवले असते. हे मला अजून खरे वाटत नाही.

कलम ४. मी काकांना फोन केला.

"काका, आत टाइल आहे."

"कसली टाइल?"

"निळी. एका कडेला सिमेंट लागलंय."

काका म्हणाले, "तू फोडलंस कशाला?"

"मृत्युपत्रासाठी."

"हर्नियाच आहे ना रे?"

"हो."

"हे बघ बाळा, ग्रुपवर टाकू नकोस. माझ्याकडे तशीच दोन खोकी आहेत. ती खोकी म्हणजे माझी कवळी आहे, ती विकून दात बसवायचेत. तू फोटो टाकलास तर उद्या त्यांना कुत्रं विचारणार नाही."

मी विचार करतो म्हणालो. काकांनी मला सोल्डरिंग शिकवले, एक पैसा घेतला नाही. पण त्यांची खोकी कोणीतरी घेणारच ना.

कलम ५. चित्रवालीला मी बोलावून घेतले. तिने टाइल हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"मला अठ्ठावीसला फिल्म द्यायची आहे," ती म्हणाली. एवढेच. रागावली असती तर बरे झाले असते.

मी उरलेले आठ हजार तिच्या हातात ठेवले. मग माझा संगणक उघडला आणि त्यातले माझे कार्ड काढले. सहा वर्षांचे आहे, एक पंखा कुरकुरतो. पण ते चालते. मी ते रोज गरम होताना पाहिले आहे.

"अरे, मग तू काय वापरणार?"

"मी उद्या बेशुद्ध असणार."

ती हसली, मग डोळे पुसले. हे कार्ड तिचे आहे, मी जगलो तरी. त्याची किंमत तिच्या येण्यातून वळती करू नये.

ती गेल्यावर मी टाइलचा फोटो ग्रुपवर टाकला. खोक्याच्या तळाशी सहावी ओळ लिहिली: "सील फोडले. आत टाइल." आणि सही केली.

कलम ६. साडेसहाला काकांचा फोन आला.

"फोडलं रे एक."

"मग?"

"कार्ड आहे." ते मोठ्याने श्वास घेत होते. "म्हणजे धडधाकट कार्डाचे पाव पैसे गेले. तुझ्यामुळे."

"आणि दुसरं?"

"त्याच्यासमोर बसलोय."

माझा कटर काकांना द्यावा. पाते नवीन आहे. काका, दुसरे न उघडता विकू नका.

कलम ७. टाइल आणि खोके कोणालाही देऊ नये, विकू नये. नुकसानीबद्दल मधल्या दोघांकडे किंवा काकांकडे काही मागू नये. पहिली सही माझी आहे. व्यवस्थापक म्हणून ताईला नेमतो. देणी आधी फेडावीत, मग वाटप.

हिशोब:
खोक्यावर दोन वेळा मिळून खर्च: १,३७,०००
पहिल्या विक्रीतून आलेले: ५२,०००
निव्वळ नुकसान: ८५,०००
ताईचे देणे: ६०,०००
चित्रवालीचे देणे: २२,०००
एकूण देणे: ८२,०००
बँकेतील शिल्लक: ३,१४०

ठिकाण: आतली खोली, कामाचे टेबल
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी साडेसात
सही: (केली)

ज्याला काही मिळते त्याने आणि त्याच्या जोडीदाराने साक्ष द्यायची नसते, म्हणून ताई, भाऊजी, काका बाद. खालील दोघांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले (सही). त्यांनी टाइल भिंगाखाली धरून पाहिली आणि म्हणाले, चांगल्या कंपनीची आहे.

साक्षीदार २: समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही). त्यांनी विचारले, उद्या तुझ्याबरोबर कोण जाणार आहे. मी म्हणालो, ताई. आणि काका येतो म्हणालेत, दुसरे खोके घेऊन, माझ्यासमोर उघडायला.