घरची शेवटच्या पंगतीला

पप्पा,

मैदानावर तुम्हाला सर म्हणायचं ही तुमची अट होती, आणि डिचोलीच्या शाळेत आठवीपासून बारावीपर्यंत मी ती पाळली. आज सरळ पप्पा म्हणते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आता तुमच्या जुन्या विद्यार्थिनींनी तुमच्या नावाने मुलींची बास्केटबॉल स्पर्धा ठेवली आहे आणि आठवणीचे चार शब्द लिहून दे म्हणून माझ्या मागे लागल्या आहेत. त्यांना कुठले चार शब्द हवेत ते मला ठाऊक आहे. पोटच्या मुलीलाही बाकावर बसवणारा निःपक्षपाती माणूस. ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

सर्वणच्या देवळातला महाप्रसाद आठवतो? मी दहा वर्षांची असेन. भूक लागली होती, म्हणून पहिल्याच पंगतीत जाऊन बसले. तुम्ही हातात वाढपाचं भांडं घेऊन आलात आणि दंडाला धरून मला उठवलंत. "बाये, भायलीं आदीं जेवतलीं. आमी घरचीं, आमी मागीर." शेवटच्या पंगतीत भात भरपूर होता, पण खतखत्याचं, त्या मिसळीच्या भाजीचं, भांडं खरवडून झालं होतं. मी मुसमुसायला लागले तसा तुम्ही आपल्या पानातला कणसाचा तुकडा माझ्या पानात टाकलात. तेव्हा मला ते पटलं. बाहेरचे आधी, घरचे मागून, देवळात ते बरोबरच होतं. पण तीच पंगत तुम्ही बास्केटबॉलच्या मैदानावर मांडलीत, त्याला काय म्हणू?

आपल्या संघात बारा मुली, आत खेळणार पाच. तुम्ही रेषेबाहेर उभे राहून नुसत्या पायांवरून कोण दमली ते ओळखायचात, त्यात तुमचा हात धरणारा कुणी नव्हता. पण तिच्या जागी पाठवायचं कुणाला, तिथे तुमची पंगत सुरू व्हायची. आधी दोन बस बदलून येणाऱ्या. मग ज्यांच्या घरून खेळायला विरोध होता त्या. मग उरलेल्या. सगळ्यांत शेवटी घरची, म्हणजे मी. सरावात माझ्याइतके बास्केट कुणाचे होत नसत, आणि सामन्यात मला मिळायची शेवटची पाच मिनिटं, तीही सामना जिंकून किंवा हरून झाल्यावर. आईने एकदा तुम्हाला तोंडावर सुनावलं होतं, "चेडवाक थंय बसोवन दवरता आनी हांगा चडचो बांगडो वाडटा." मैदानावर बसवून ठेवलेल्या मुलीला घरी जास्तीचा बांगडा वाढणारे तुम्ही मान खाली घालून जेवत राहिलात.

आता मी पेडण्याच्या शाळेत तुमचंच काम करते. कोण कुणाच्या जागी कधी उतरणार ते आदल्या दिवशी कागदावर लिहून काढते. कच्च्या मुलीला पहिल्या क्वार्टरलाच उतरवते, चुकली तर सावरायला वेळ असतो म्हणून. बसणाऱ्या प्रत्येकीला का बसवलं ते सांगते. एक पालक परवा भांडायला आले, त्यांनाही सांगितलं. तुम्ही मला पाच वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत. चांगल्या खेळणारीला मुद्दाम बसवणं हाही पक्षपातच असतो, पप्पा. फक्त त्याला टाळ्या पडतात, आणि त्या तुम्हाला आवडायच्या.

मग म्हापशाची फायनल. गोव्याच्या संघासाठी मुली निवडणारी माणसं पहिल्या रांगेत बसलेली. मी बारावीला होते, वयाने माझी ती शेवटचीच संधी. आणि तीन क्वार्टर मी बाकावर. माझ्या जागी खेळणारी उंच मुलगी धापा टाकत होती, तरी तुम्ही तिला आतच ठेवलंत. इथवरची गोष्ट मी सगळ्यांना सांगत आले. नवऱ्याला सांगितली, माझ्या संघातल्या मुलींनाही सांगितली. गोव्याची जर्सी माझ्या वडिलांनी घालवली, असं म्हणते. ऐकणारे हळहळतात.

पुढचं कुणाला सांगितलं नाही, आणि हा कागदही कुणाच्या हाती देणार नाही.

शेवटच्या क्वार्टरची सात मिनिटं उरली होती, आपण चार गुणांनी मागे. तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. "ऊठ. आतां तूं खेळ. सोंपसर भायर काडचों ना." सामना संपेपर्यंत बाहेर न काढण्याचा शब्द तुम्ही देत होतात, आणि मी म्हटलं, "सर, म्हजो दावो धोंपर दुखता." माझा डावा गुडघा ठणठणीत होता. मला तुम्ही विनवायला हवे होतात, सगळ्यांदेखत, एकदा तरी. तुम्ही विनवलं नाहीत. क्षणभर माझ्याकडे बघितलंत आणि त्या दमलेल्या मुलीला तसंच खेळू दिलंत. आपण दोन गुणांनी हरलो.

घरी आल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात खोबरेल कोमट केलंत आणि पाट ओढून माझ्यासमोर बसलात. "खंयचो?" मी पाय पुढे केला, तो उजवा. मैदानावर डावा म्हटलं होतं हे पाय पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं. तुमच्याही आलं. तुम्ही तो धडधाकट उजवा गुडघा बराच वेळ चोळत राहिलात.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये प्राचार्यांनी तुम्हाला विचारलं, मुलीला का नाही उतरवलं? तुम्ही म्हणालात, "चूक माझी. तिला खेळवायला हवं होतं." मी वह्यांचा गठ्ठा घेऊन दाराबाहेर उभी होते. मी सगळं ऐकलं, आणि आत गेले नाही.